गुपित किती हातांत ठेवायचं?

मंडळी, आजची पोस्ट मोठी आहे. चहा घेऊनच बसा. थोडं गणित आहे, पण पाचवी-सहावीच्या पलीकडचं नाही.

नोव्हेंबर २०२५ मधली गोष्ट. इंटरनॅशनल असोसिएशन फॉर क्रिप्टॉलॉजिक रिसर्च नावाची एक संस्था आहे. जगभरचे कूटशास्त्रज्ञ, म्हणजे गुप्तलिपी आणि डिजिटल कुलपांचा अभ्यास करणारी माणसं, तिचे सभासद आहेत. या संस्थेची पदाधिकारी निवडणूक ऑनलाइन झाली. मतं कुलूपबंद पडली. ते कुलूप उघडणारी किल्ली तीन विश्वस्तांमध्ये विभागलेली होती आणि मोजणीसाठी तिघांचेही तुकडे लागणार होते. हेतू चांगला होता. दोघांनी संगनमत केलं तरी कोणाचं मत फुटू नये.

मतदान संपलं. मोजणीची वेळ आली. आणि एका विश्वस्ताकडून त्याचा तुकडा हरवला. कायमचा. मतं समोर आहेत, पण वाचता येत नाहीत! संस्थेने जाहीर माफी मागितली, निवडणूक रद्द केली, पुन्हा मतदान घेतलं आणि नियम बदलला: यापुढे तिघांपैकी कोणतेही दोन तुकडे पुरतील.

जगभर ही बातमी हसण्यावारी नेली गेली. "कुलुपं बनवणाऱ्यांचीच किल्ली हरवली" वगैरे. मीही हसलो. मग आमच्या सोसायटीचं कपाट आठवलं आणि हसू थांबलं.

आमच्याकडे सोसायटीची मूळ कागदपत्रं एका लोखंडी कपाटात असतात. दोन कुलुपं. एक किल्ली सेक्रेटरींकडे, दुसरी खजिनदारांकडे. दोघं हजर असल्याशिवाय कपाट उघडत नाही. नियम अगदी चोख! दोन वर्षांपूर्वी खजिनदार मुलीच्या बाळंतपणासाठी कॅनडाला गेले, किल्ली घरात कुठे ठेवली ते त्यांनाच आठवेना, आणि इकडे कन्व्हेयन्सचे कागद दाखवायची तारीख आलेली. शेवटी चावीवाल्याला बोलावून कुलूप तोडलं. म्हणजे ज्या कुलपावर आम्ही एवढा भरवसा ठेवला होता, ते एका माणसाने वीस मिनिटांत उघडलं.

गंमत म्हणजे त्याच सोसायटीच्या बँक खात्याचा नियम वेगळा आहे. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार यांपैकी कोणाही दोघांच्या सह्या. खजिनदार कॅनडात होते तरी चेक निघतच होते. बचत गट चालवणाऱ्या कित्येक बायकांना हा नियम तोंडपाठ असतो. जगातल्या नामवंत कूटशास्त्रज्ञांनी २०२५ साली ठेच लागल्यावर स्वीकारला तो हाच: तिघांपैकी दोन.

याला इंग्रजीत 'थ्रेशोल्ड' म्हणतात. आपल्याकडे सरळ शब्द आहे, उंबरठा. अमुक इतके जण जमले की उंबरठा ओलांडला, दार उघडलं. त्याच्या आत एक जरी कमी असला तरी बाहेर. ही कल्पना कुलपातून गणितात, गणितातून सर्किटमध्ये आणि तिथून तुमच्या खिशातल्या कार्डाच्या चिपमध्ये कशी गेली, त्याची ही गोष्ट.

*

सुरुवात १९४३ पासून करू. त्या साली अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. एकमेकींशी तेव्हा त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

पहिली: वॉरन मॅक्युलॉक आणि वॉल्टर पिट्स या दोघांनी मेंदूतल्या पेशीचं एक गणिती चित्र मांडलं. पेशीकडे अनेक बाजूंनी इशारे येतात. त्यांची बेरीज ठरावीक उंबरठ्याला पोचली की पेशी 'हो' म्हणते, नाहीतर गप्प बसते. ग्रामसभेत हात मोजतात ना, तसंच. आजच्या एआयच्या बातम्यांत 'न्यूरल नेटवर्क' हा शब्द दिसतो, त्याची मुळं इथे आहेत.

दुसरी गोष्ट बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतली. अमेरिकी सैन्य गुप्त संदेशांसाठी बेलचं एक टेलिटाइप यंत्र वापरत असे. तिथल्या एका संशोधकाच्या लक्षात आलं की हे यंत्र एक पाऊल पुढे सरकलं की प्रयोगशाळेच्या पार दुसऱ्या कोपऱ्यातल्या ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेच्या लहरी दाखवणाऱ्या उपकरणावर, एक टोक उमटतं. त्याने ती टोकं नीट तपासली. तर काय, त्यांतून मूळ संदेश वाचता येत होता! संकेत फोडायची गरजच नव्हती. यंत्र काम करताना स्वतःच बडबडत होतं.

सैन्याने आधी विश्वास ठेवला नाही. मग बेलच्या माणसांनी न्यूयॉर्कच्या व्हॅरिक स्ट्रीटवर, सैन्याच्या संदेश केंद्रापासून सुमारे ८० फुटांवरच्या इमारतीत बस्तान मांडलं. तासभर लहरी नोंदवल्या आणि तीन-चार तासांत जवळजवळ ७५ टक्के मजकूर सैन्याच्या हातात ठेवला. ही हकिगत अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीच्या एका जुन्या गोपनीय लेखात होती. तो लेख २००७ मध्ये खुला झाला.

म्हणजे एकाच साली उंबरठ्यावर चालणारं सर्किट कागदावर आलं, आणि सर्किट आपलं गुपित बाहेर सांडतं हेही कळलं. या दोन धाग्यांची नीट गाठ पडायला साठेक वर्षं लागली.

*

उंबरठ्याचा पहिला उपयोग गुपितासाठी झाला नाही, चुका सावरण्यासाठी झाला.

तेव्हाचे संगणक रिले आणि निर्वात नळ्यांचे. कधी काय बिघडेल याचा नेम नसे. प्रागमध्ये अँटोनिन स्वोबोडा यांनी पन्नासच्या दशकात सापो नावाचा संगणक बांधला. त्यात आकडेमोड करणारे भाग तीन ठेवले होते. तिघंही तेच गणित करत आणि उत्तरांवर मतदान होई. दोघांचं जुळलं की ते उत्तर खरं. जॉन फॉन नॉयमन यांनी १९५२ च्या व्याख्यानांत यामागचं गणित मांडलं, ते १९५६ मध्ये छापून आलं: बेभरवशाच्या भागांतून भरवशाचं यंत्र कसं बांधायचं. पुढे माणसाला चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न ५ रॉकेटच्या दिशादर्शक संगणकातही हीच तीनपैकी दोन मतांची पद्धत होती.

तीनपैकी दोन ठरवणारं सर्किट अगदी साधं असतं. पहिला आणि दुसरा 'हो', किंवा दुसरा आणि तिसरा 'हो', किंवा तिसरा आणि पहिला 'हो', तर उत्तर 'हो'. बस. बचत गटाची सही तपासणारा बँकेचा क्लार्क हेच करतो.

पण या उपायात एक मेख आहे. तीन यंत्रांत तीच माहिती ठेवली की चुकीपासून संरक्षण मिळतं, पण माहिती चोरायच्या जागाही तीन होतात. घराच्या तीन किल्ल्या तीन शेजाऱ्यांकडे ठेवल्या तर आपण कधी बाहेर अडकणार नाही, पण चोराला तीन घरं मिळतात. आणि एकच किल्ली ठेवली तर चोराला एकच घर, पण हरवली की संपलं.

फुटणं आणि हरवणं. गुपिताची ही दोन मरणं. एकापासून पळावं तर दुसरं गाठतं.

*

या कोंडीतून वाट काढली १९७९ साली, आणि दोघांनी स्वतंत्रपणे. अमेरिकेत जॉर्ज ब्लेकली आणि एमआयटीत काम करणारे इस्रायली गणिती आदी शमीर. आरएसए या प्रसिद्ध पद्धतीतलं मधलं 'एस' म्हणजे हेच शमीर.

शमीर यांचा निबंध जेमतेम दोन पानांचा आहे. सुरुवात एका जुन्या कोड्याने होते. अकरा शास्त्रज्ञ एका गुप्त प्रकल्पावर आहेत. कागद कपाटात ठेवायचे आणि ते कपाट किमान सहा जण असतील तरच उघडावं, कोणतेही सहा. साध्या कुलपांनी हे करायचं तर किती कुलुपं लागतील? उत्तर: ४६२ कुलुपं, आणि प्रत्येकाच्या जुडग्यात २५२ किल्ल्या! आमच्या सेक्रेटरींना दाखवलं तर ते राजीनामाच देतील.

शमीर म्हणाले, कुलुपं सोडा, भूमिती घ्या. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते हे आपण शाळेत शिकलो. एका बिंदूतून मात्र हव्या तितक्या रेषा जातात. संपलं, एवढंच.

समजा गुपित आहे ५०. मी मनात एक चढ धरला, ७. आता पहिल्याला सांगितलं ५७, दुसऱ्याला ६४, तिसऱ्याला ७१. पहिला आणि तिसरा भेटले. दोन पायऱ्यांत १४ चा फरक, म्हणजे एका पायरीला ७. पहिल्याच्या ५७ मधून एक पायरी मागे या, ५०. गुपित मिळालं. आता दुसरा कॅनडात असला तरी अडत नाही. आणि एकट्या पहिल्याने काय करावं? त्याच्याकडे ५७ आहे, पण चढ माहीत नाही. गुपित ५६ असू शकतं, १० असू शकतं, काहीही. (खऱ्या वापरात हे गणित घड्याळाच्या आकड्यांसारखं गोल फिरणारं असतं, म्हणजे आकडा मोठा की लहान यावरूनसुद्धा अंदाज बांधता येत नाही.) उंबरठा तीनचा हवा असेल तर सरळ रेषेऐवजी पॅराबोला घ्यायचा, त्याला तीन बिंदू लागतात. पुढेही तसंच.

लक्षात घ्या, बँक लॉकरच्या दोन किल्ल्या किंवा फाटलेल्या नोटेचे दोन तुकडे यांहून ही गोष्ट वेगळी आहे. नोटेचा अर्धा तुकडा हातात आला तर निदान अर्धा नंबर कळतो. इथे उंबरठ्याच्या आतल्याला काहीच कळत नाही. अर्धवट माहितीसुद्धा नाही.

*

मग सरकारांनाही ही कल्पना आवडली, आणि इथे गोष्ट सार्वजनिक होते.

एप्रिल १९९३ मध्ये अमेरिकी सरकारने क्लिपर नावाची चिप जाहीर केली. फोनमध्ये बसवा, तुमचं बोलणं कुलूपबंद होईल. पण प्रत्येक चिपच्या किल्लीची एक नोंद सरकारकडे राहील, कोर्टाचा आदेश आला की पोलिसांना ऐकता यावं म्हणून. लोक बिथरणार हे माहीत होतं, म्हणून त्या किल्लीचे दोन तुकडे करून दोन वेगळ्या खात्यांकडे ठेवायचं ठरलं. एकट्या खात्याला काहीच करता येणार नाही.

ऐकायला छान. पण ती दोन्ही खाती एकाच सरकारची! एक वाणिज्य मंत्रालयाखालचं, एक अर्थ मंत्रालयाखालचं. म्हणजे सोसायटीच्या कपाटाच्या दोन किल्ल्या नवऱ्याकडे एक आणि बायकोकडे एक अशा ठेवल्यासारखं. कागदावर दोन हात, प्रत्यक्षात एक घर. नागरिकांच्या संघटनांनी गदारोळ केला. १९९४ मध्ये मॅट ब्लेझ या संशोधकाने आणखी एक भोक दाखवलं. पोलिसांसाठीचा भाग खरा आहे की नाही ते तपासणारी खूण फक्त १६ बिटांची होती, त्यामुळे खोटा भाग बसवून सरकारी दरवाजा चुकवता येत होता. दोन-तीन वर्षांत क्लिपर बासनात गेली.

धडा काय? तुकडे किती केले हा अर्धाच प्रश्न. ते तुकडे धरणारे हात एकमेकांपासून खरोखर सुटे आहेत का, हा उरलेला अर्धा.

*

आता १९४३ च्या दुसऱ्या धाग्याकडे, त्या बडबडणाऱ्या यंत्राकडे येऊ.

१९९६ मध्ये पॉल कोचर या तरुण अमेरिकी संशोधकाने दाखवलं की यंत्राला गणित करायला किती वेळ लागतो यावरून किल्ली ओळखता येते. १९९९ मध्ये त्याने जोशुआ जॅफी आणि बेंजामिन जन यांच्याबरोबर त्याहून मोठा धक्का दिला. चिप किती वीज खाते ते मोजा, किल्ली मिळेल!

कसं ते सांगतो. चिपमध्ये सगळं शून्य आणि एक. शून्याचा एक होताना किंचित जास्त वीज लागते. एकदा मोजून काही कळत नाही, गोंगाटच फार. पण हजार वेळा मोजा. मग किल्लीच्या एका छोट्या तुकड्याबद्दल अंदाज करा. "हा तुकडा अमुक असेल तर या पाचशे वेळा एक आला असेल, उरलेल्या पाचशे वेळा शून्य." दोन ढीग करा, दोन्हींची सरासरी काढा. अंदाज चुकीचा असेल तर सरासरी सारखीच. बरोबर असेल तर फरक उठून दिसतो. बाजारात पोत्यातलं धान्य न उघडता हाताने तोलून सांगणारे हमाल असतात, तसला प्रकार.

यात भयंकर काय आहे पाहा. एईएस या आजच्या नेहमीच्या पद्धतीत किल्ली १२८ बिटांची. सगळ्या किल्ल्या एकेक करून तपासायच्या म्हटलं तर विश्वाचं आयुष्य पुरणार नाही. पण तिचे १६ तुकडे, प्रत्येक तुकड्याला २५६ शक्यता. तुकड्या-तुकड्याने ओळखायचं तर सगळे मिळून ४०९६ अंदाज. दुपारच्या जेवणाआधी होईल. गणित अभेद्य होतं, पण गणित करणारं सिलिकॉन चुगली करत होतं. आणि हे सिलिकॉन सरकारी तिजोरीत नव्हतं. ते बँकेच्या कार्डात, सिम कार्डात, म्हणजे लोकांच्या आणि चोरांच्याही हातात होतं.

उपाय कुठून आला? शमीर-ब्लेकली यांच्याच कल्पनेतून. त्याच १९९९ मध्ये सुरेश चारी, चरणजित जुटला, जोस्युला राव आणि पंकज रोहतगी या आयबीएमच्या चौघांनी, आणि स्वतंत्रपणे फ्रान्समध्ये लुई गुबँ व जाक पातारँ यांनी तोच उपाय मांडला: चिपच्या आतही गुपिताचे तुकडे करा. एक बिट हवा असेल तर एक तुकडा नाणेफेक करून निवडा, दुसरा असा ठरवा की दोघं मिळून खरा बिट होईल. दर वेळी नवी नाणेफेक. मग वीज मोजणाऱ्याला जे दिसतं ते नाणेफेकीचं, गुपिताचं नाही. याला मास्किंग म्हणतात, मुखवटा चढवणं.

सहा वर्षं सगळे निवांत होते. मग २००५ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथल्या श्टेफान मांगार्ड आणि सहकाऱ्यांनी मुखवटा घातलेली एईएसची चिप प्रत्यक्ष घेतली आणि किल्ली काढून दाखवली.

कागदावरचं गणित चुकलं नव्हतं. चूक अशी, की कागदावर सगळे आकडे एकाच क्षणी येतात आणि तारेवर येत नाहीत. एक तार लांब, एक आखूड. एक तुकडा आधी पोचतो, दुसरा मागाहून. तेवढ्या अब्जांश सेकंदात गेटचं उत्तर हो-नाही-हो असं फडफडतं. या फडफडीला ग्लिच म्हणतात. आणि ती किती होते ते दोन्ही तुकड्यांवर मिळून अवलंबून असतं. म्हणजे तुकडे वेगळे ठेवले खरे, पण दोघं एकाच गेटच्या दारात क्षणभर भेटले आणि तेवढ्यात गुपित बोलले.

*

२००६ मध्ये स्वेत्ला निकोवा, क्रिस्टियान रेशबर्गर आणि व्हिन्सेंट रायमेन यांनी यावर तोडगा मांडला. रायमेन म्हणजे एईएस रचणाऱ्या दोघांपैकी एक. आपल्याच कुलपाचं भोक बुजवायला आले म्हणा ना! तोडग्याचं नाव: थ्रेशोल्ड इम्प्लिमेंटेशन.

कल्पना इतकी घरगुती आहे की मला पहिल्यांदा वाचताना तलाठी कार्यालयच डोळ्यांपुढे आलं. फडफड थांबवायच्या भानगडीत पडू नका, म्हणाले ते. ती थांबत नाही. त्याऐवजी अशी व्यवस्था करा की कोणत्याही एका गेटसमूहाकडे सगळे तुकडे कधी जाणारच नाहीत. ज्याच्याकडे माहितीच नाही, तो कितीही फडफडला तरी काय सांगणार?

उदाहरण घ्या. दोन गुप्त बिटांचा गुणाकार करायचा आहे. दोघांचे तीन-तीन तुकडे केले. तीन गुणिले तीन, नऊ छोटे गुणाकार झाले. आता तीन कारकून बसवा. पहिल्याला फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाचे तुकडे द्या. दुसऱ्याला फक्त तिसरे आणि पहिले. तिसऱ्याला फक्त पहिले आणि दुसरे. पहिला करेल दोन-दोन, दोन-तीन आणि तीन-दोन हे गुणाकार. दुसरा करेल तीन-तीन, तीन-एक, एक-तीन. तिसरा करेल एक-एक, एक-दोन, दोन-एक. मोजून पाहा, नऊच्या नऊ झाले. तिघांची उत्तरं हा खऱ्या उत्तराचेच तीन तुकडे. आणि प्रत्येक कारकुनाला प्रत्येक गुपिताचा एकेक तुकडा दिसलेलाच नाही.

अटी तीन. तुकडे जोडले की उत्तर बरोबर यावं. कोणाही एकाकडे सगळे तुकडे नसावेत. आणि पुढच्या टप्प्याला जाणारे तुकडे पुन्हा सारखेच बेभरवशाचे, नाणेफेकीसारखे असावेत. ही तिसरी अट सर्वांत छळते. वरच्या उदाहरणातसुद्धा ती आपोआप पुरी होत नाही, ताजी नाणेफेक मिसळावी लागते.

इथे दोन धाग्यांची मजेशीर गाठ आहे. उंबरठ्याच्या गेटला 'दोघंही हो' ओळखणं सोपं, पण 'दोघांपैकी नेमका एकच हो' हे एका गेटला जमतच नाही. मार्विन मिन्स्की आणि सीमोर पॅपर्ट यांनी १९६९ च्या पुस्तकात याच मर्यादेवर बोट ठेवलं होतं. तुकड्यांच्या सर्किटमध्ये बरोबर उलटं: 'नेमका एकच' हे फुकट होतं, ज्याचा त्याचा तुकडा ज्याने त्याने मिसळायचा. 'दोघंही हो' मात्र महाग, त्यासाठीच ते तीन कारकून. मोजायला सोपं ते लपवायला अवघड.

महाग म्हणजे किती? २०११ मध्ये आमिर मोरादी, अ‍ॅक्सेल पोशमन, क्रिस्टोफ पार आणि सहकाऱ्यांनी एईएसची अतिशय छोटी चिप-रचना केली. बिनसंरक्षणाची सुमारे २४०० गेटची. थ्रेशोल्ड पद्धतीने संरक्षण दिल्यावर ती ११००० च्या आसपास गेली. साडेचार पट! लाखो कार्डं छापणाऱ्याला प्रत्येक गेटचे पैसे मोजावे लागतात. म्हणून सुरक्षा हा फक्त गणिताचा प्रश्न राहत नाही, कोण किती पैसे मोजायला तयार आहे याचा होतो. आणि कार्ड हरवलं, पैसे गेले तर नुकसान मोजणारा बहुतेक वेळा तो नसतो, आपण असतो.

*

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. चिपच्या आतले तीनही तुकडे लागतात, एकही कमी चालत नाही. मग तिथे कूटशास्त्रज्ञांच्या निवडणुकीसारखा घोळ का होत नाही? कारण चिपमधला तुकडा क्षणभर जगतो. तो कॅनडाला जात नाही, ड्रॉवर विसरत नाही, त्याचा लॅपटॉप बिघडत नाही. यंत्रात भीती फुटण्याची, माणसांत फुटण्याची आणि हरवण्याचीही. म्हणून यंत्रात 'सगळे' हा नियम चालतो, माणसांत 'काही' हा.

हे नीट ओळखून बांधलेली एक व्यवस्था रोज आपल्या कामी येते. इंटरनेटवर नावांवरून पत्ते शोधणारी जी यंत्रणा आहे, तिच्या मुळाशी एक किल्ली आहे. जून २०१० मध्ये अमेरिकेतल्या कल्पेपर इथे समारंभपूर्वक ती तयार झाली. ती वापरायला दोन केंद्रं, प्रत्येक केंद्रासाठी वेगवेगळ्या देशांतले सात जण, त्यांपैकी किमान तीन हजर हवेत. सगळंच उद्ध्वस्त झालं तर किल्ली परत उभी करायला आणखी सात जण, त्यांतले पाच हवेत. समारंभ कॅमेऱ्यापुढे, कोणीही पाहावा.

फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या केंद्रात या समारंभाआधी काय झालं? तिजोरीचं कुलूपच बिघडलं. चावीवाला बोलावून ड्रिल करावं लागलं, समारंभ पुढे गेला. आमच्या सोसायटीचंच नशीब! पण फरक बघा. त्यांनी ते लपवलं नाही, जाहीर सांगितलं. दोन महिन्यांनी कोविडमुळे माणसं प्रवास करू शकेनात, तेव्हाही नियम गुपचूप मोडले नाहीत. काय बदलतोय ते सांगून, कॅमेऱ्यापुढे, एकदम नऊ महिन्यांच्या सह्या करून ठेवल्या.

*

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? आज आपला सातबारा डिजिटल सहीचा. दाखले, करारनामे, टेंडर, सगळीकडे डिजिटल सही. आपल्या देशातल्या या सह्यांची साखळी वर जाऊन एका मूळ प्रमाणपत्रापाशी पोचते. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने नेमलेल्या नियंत्रकाकडे त्याची जबाबदारी आहे. आणि साखळीच्या अगदी खालच्या टोकाला कित्येक कार्यालयांत काय दिसतं? साहेबांचा सहीचा डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये आणि पिन मॉनिटरला चिकटवलेल्या कागदावर. मी स्वतः पाहिलंय. कुठे ते सांगत नाही, तुम्हीही पाहिलं असेल. वर कितीही कडेकोट कुलूप असू दे, खाली उंबरठा एकाचाच, आणि तोही उघडा.

यंत्र घेतलं, सॉफ्टवेअर बसवलं, उद्घाटन झालं, फोटो आला. किल्ल्या कोणाकडे आहेत हे विचारायचं मात्र राहून जातं. त्यासाठी कूटशास्त्र यायची गरज नाही. चार प्रश्न पुरतात:

किल्लीचे तुकडे किती जणांकडे आहेत?
त्यांतले किती जमले की दार उघडतं?
ते हात एकमेकांपासून खरोखर सुटे आहेत, की एकाच घरातले?
एक तुकडा हरवला तर काय करायचं, हे आधी लिहून ठेवलंय का?

ग्रामपंचायतीत विचारा, पतसंस्थेच्या वार्षिक सभेत विचारा, सोसायटीच्या मिटिंगमध्ये विचारा. आमच्या सोसायटीने परवा ठराव केला: कपाटाला आता अशी व्यवस्था की तिघांपैकी कोणतेही दोघं उघडू शकतील. साध्या कुलपांनी हे जमतं. तीन कुलुपं, प्रत्येक कुलपाच्या दोन किल्ल्या, आणि प्रत्येकाकडे तीनपैकी दोन कुलुपांच्या किल्ल्या. एकट्याचं एक कुलूप नेहमी अडतं, कोणीही दुसरा आला की तिन्ही उघडतात. कागद-पेन घेऊन करून बघा, पटेल.

सभेत एका आजोबांनी विचारलं, "अहो, एवढी कुलुपं कशाला? आमचा एकमेकांवर विश्वास आहे की." मी म्हटलं, "काका, विश्वास आहे म्हणूनच. उद्या काही गहाळ झालं तर कोणा एकावर संशय यायला नको."

ते हसले. ठराव एकमताने मंजूर झाला.

तुमच्याकडे कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे असतात? कमेंटमध्ये सांगा. किल्ली कुठे ठेवली आहे ते मात्र लिहू नका!